अण्णांची गाडी वाडीच्या टोकाला का थांबते?

(वाचकांचे प्रश्न आणि बडोद्याच्या ऑटो-इलेक्ट्रिशियन ताईंची उत्तरं)

प्रश्न : ताई, पादऱ्याजवळ आमची आंब्याची वाडी आहे. आमच्या वडिलांचे, अण्णांचे, दोन्ही गुडघे गेलेत, पण वाडीत फेरी मारल्याशिवाय त्यांना करमत नाही. म्हणून दीड वर्षापूर्वी बंद पडलेल्या एका रिसॉर्टमधून जुनी गोल्फ कार्ट आणली. सोबतच्या पुस्तकात ‘गॅस’ लिहिलंय, पण चालते पेट्रोलवर. सकाळी एका दमात सुरू होते. चार-पाच झाडांपाशी थांबलं की मग नुसता ‘टक’ आवाज येतो, पुढे काही नाही. गेल्या महिन्यात अण्णा वाडीच्या टोकाला पाऊण तास उन्हात अडकले. बॅटरी आठ महिन्यांपूर्वीच नवी टाकली होती, मिस्त्री म्हणतात पुन्हा बदला. धक्का मारूनही गाडी सुरू होत नाही. बॅटरी बदलावी का? आणि ती घरी बदलता येईल का?
— एक वाचक, पादरा

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी लगेच उत्तर लिहायला बसले नाही. आधी फोन करून तुम्हाला काही मापं घ्यायला सांगितली. ती तुम्ही नीट कागदावर मांडून पाठवलीत, त्याबद्दल मनापासून आभार. लोक मला ‘बॅटरी डाउन आहे’ एवढंच सांगतात, आकडा कोणी सांगत नाही.

बॅटरी बदलावी लागेल. पण ती सगळ्यांत आधी बदलू नका, नाहीतर आणखी आठ महिन्यांनी तुम्ही मला हेच पत्र लिहाल.

आधी गॅसचं सांगते, कारण हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. या गाड्या अमेरिकेत जन्मल्या. तिथे पेट्रोलला गॅसोलिन म्हणतात आणि बोलताना नुसतं गॅस. सिलेंडरचा किंवा सीएनजीचा इथे काही संबंध नाही. आपल्याकडे लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचं मैदान आहे, त्यामुळे बडोदेकरांना ही गाडी लांबून तरी ओळखीची असते. पण हल्ली दिसणाऱ्या बहुतेक कार्ट विजेवरच्या असतात. त्यांत सीटखाली बॅटऱ्यांची रांग असते आणि गाडी त्यांच्यावरच पळते. तुमच्या गाडीत १२ व्होल्टची एकच बॅटरी आहे. ती गाडी चालवत नाही, फक्त इंजिन सुरू करते आणि दिवे-हॉर्न सांभाळते.

मोटारीत इंजिन फिरवून सुरू करणारा सेल्फ वेगळा आणि करंट तयार करणारा डायनॅमो वेगळा असतो. जुन्या पेट्रोल कार्टमध्ये बहुधा ही दोन्ही कामं एकच यंत्र करतं आणि ते पट्ट्याने इंजिनला जोडलेलं असतं. किल्ली फिरवून तुम्ही पॅडल दाबलंत की आतला छोटा स्विच लागतो, सोलेनॉइड, म्हणजे मोठा करंट जोडणारा चुंबकी स्विच, ‘टक’ करून बसतो, बॅटरीचा करंट त्या यंत्रात जातो आणि ते पट्ट्याने इंजिन फिरवतं. इंजिनने वेग घेतला की तेच यंत्र उलट काम करू लागतं, म्हणजे करंट तयार करून बॅटरीला परत देतं. पॅडलवरचा पाय काढला की इंजिन बंद. पुन्हा दाबलं की पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे अण्णा प्रत्येक झाडापाशी थांबून मोहोर बघतात, फांदी तपासतात आणि पुढे निघतात, तेव्हा दर थांब्यामागे एकदा बॅटरीतून मोठा करंट जातो. तो भरून निघायला गाडी काही वेळ वेगात पळायला हवी. बैलगाडीच्या चालीने दुसऱ्या झाडापर्यंत जाण्यात तो पुरेसा भरत नाही, कारण हळू फिरणारा डायनॅमो फारच थोडं देतो. त्यात समोरचे दोन दिवे लागलेले असले आणि ते प्रत्येकी ३५ वॅटचे असले, तर जवळजवळ ६ अँपिअर तेच खातात. दिवसभर खर्च आणि जमा नावापुरती.

धक्का मारून ती सुरू होणार नाही, तेव्हा तो प्रयत्न सोडा. गिअर नसलेली स्कूटर धक्क्याने सुरू होत नाही, तसंच हे. इंजिनच्या बाजूचा क्लच इंजिनच्या वेगानेच पट्टा धरतो. चाकं फिरवून इंजिन फिरत नाही, नुसती माणसं दमतात.

आता मापं. सगळ्यांना उपयोगी पडतील म्हणून कशी घेतली तेही लिहिते. मीटर साधा डिजिटल चालतो, २० व्होल्ट डीसीवर लावायचा. काटे बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवरच टेकवायचे, वायरच्या टोकाच्या क्लॅम्पवर नाही. क्लॅम्प आणि खुंट यांच्यामधला मळ हेच कित्येकदा सगळं दुखणं असतं आणि क्लॅम्पवर मोजलं तर ते लपून जातं.

पहिलं माप शांतपणे पडलेल्या बॅटरीचं. रात्रभर चार्जिंगला लावा, सकाळी काढा, दिवे दोन मिनिटं लावून बंद करा म्हणजे वरवरचा चार्ज उतरतो, मग काही तास तसंच ठेवून मोजा. भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव. बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवते म्हणजे ठीक आहे, असं समजणारे मिस्त्रीसुद्धा मी पाहिलेत. तुमचं माप आलं १२.४. रात्रभर भरूनही पाऊणच. इथे माझ्या मनात शंका आली.

दुसरं माप सेल्फ मारताना. पेट्रोल कार्टमध्ये पॅडल दाबलं की गाडी पुढे जाते, हे लक्षात ठेवा. पुढची चाकं हलू नयेत म्हणून त्यांना ओट लावा, मागची बाजू जॅकने उचलून भक्कम स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. इंजिन सुरू होऊ नये म्हणून प्लगची टोपी काढून इंजिनच्या धातूला नीट टेकवून ठेवा. मग एकाने पाच सेकंद पॅडल दाबायचं आणि दुसऱ्याने आकडा बघायचा. भरलेली, धडधाकट बॅटरी १० च्या वर टिकते. ९.६ च्या खाली गेली तर ती कमजोर. तुमची गेली ८.७ वर.

तुमच्याकडे आकडा खूप पडला, म्हणून संशय बॅटरीकडे गेला. पण ‘टक’ वाजतंय, सेल्फ फिरत नाही आणि मीटर १२.४ वरून हलतही नाही, असं झालं तर बॅटरी निर्दोष असते. करंट तिच्यातून निघतच नाहीये. मग सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेत का, वायरच्या टोकाची धातूची कडी (लग) सैल आहे का, ते बघायचं.

तिसरं माप इंजिन चालू असताना. मागची चाकं अजून अधांतरीच, प्लगची टोपी परत बसवलेली. सैल कपडे, ओढणी, मोकळे केस पट्ट्यापासून लांब ठेवायचे. पॅडल दाबून इंजिन बऱ्यापैकी वेगात आणायचं. खुंटांवर १३.८ ते १४.८ च्या आसपास दिसायला हवं. तुमच्या कागदावर आहे १२.६. मी तो आकडा बघितला आणि बॅटरीवरून माझं लक्ष उठून डायनॅमोकडे गेलं. बॅटरीला परत काही मिळतच नाहीये. आठ महिने तुम्ही नवी बॅटरी अर्धपोटी ठेवलीत, तेही नकळत.

म्हणून मी हायड्रोमीटर वापरायला सांगितला. झाकणं उघडणारी बॅटरी असली की हे सोनं आहे. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगता काटा. ॲसिड ओढायचं आणि काटा किती बुडतो ते बघायचं. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. बॅटरीत सहा सेल, म्हणजे सहा कप्पे असतात आणि काट्यावरचा आकडा म्हणजे त्यातलं ॲसिड पाण्याच्या किती पट जड आहे ते. आपल्याकडच्या बॅटऱ्यांत भरलेला सेल कंपनीनुसार १.२४० ते १.२७० च्या दरम्यान असतो. तुमचे पाच सेल १.२४० च्या जवळपास आणि प्लसकडून तिसरा १.१३०. सेलांमध्ये ०.०५० हून जास्त फरक पडला की तो सेल गेला म्हणायचं. इथे तर दुपटीहून जास्त फरक आहे. पाच भावांनी ओढायचं आणि सहाव्याने मागे खेचायचं, असं चाललंय. बॅटरी फार काळ अर्धी राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे धरतात. ते वेळेवर चार्ज केलं तर विरघळतात, उशीर झाला की राहतात. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली उभी असलेली गाडी आणखी लवकर मरते, कारण उष्णतेने आतली सगळीच रासायनिक क्रिया वेगाने होते, प्लेटा झिजण्याचीसुद्धा.

म्हणजे दोष दोन आहेत. डायनॅमो देत नाही हा मूळ आणि सेल मेला हा त्याचा परिणाम. तुमच्या मिस्त्रींनी परिणाम बदलला आणि मूळ तसंच राहिलं.

मूळ शोधताना पहिल्यांदा पट्टा बघा. पाठवलेल्या फोटोत त्याच्या आतल्या कडा आरशासारख्या चकाकतायत. असा चकचकीत पट्टा घसरतो. सुरू करताना किंचाळल्यासारखा आवाज येतो का, हे मी अण्णांना विचारायला सांगितलं होतं. ‘येतो, पण मला वाटलं गाडीचा स्वभावच तसा,’ असं ते म्हणाले. नवा पट्टा टाका. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबेल एवढा ताण द्या. फार ओढला तर बेअरिंग जाते. मग पुन्हा तिसरं माप घ्या. आकडा १४ कडे चढला तर तुमचं घोडं गंगेत न्हालं. चढला नाही तर डायनॅमोचे कार्बन ब्रश आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, ज्याला आमच्याकडचे जुने लोक अजून कट-आउट म्हणतात, ते तपासून घ्या. ते काम हातखंडा असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. उलट, आकडा १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर जास्त देतोय. मग बॅटरी गरम होईल, पाणी भराभर आटेल, कुजक्या अंड्यांचा वास येईल. तीही नवी बॅटरी मारायची रीतच.

आणखी एक माप माझं हक्काचं आहे आणि ते मला महागात पडून मिळालंय. बारा-तेरा वर्षांपूर्वी रावपुऱ्यातले एक निवृत्त मास्तर जुनी व्हॅन घेऊन आले. सेल्फ जड फिरत होता. मी बॅटरी बदलली. तीन आठवड्यांनी परत आले. कंपनीत काहीतरी खोट असेल म्हणून मी दुसरी दिली. महिन्याने परत. मास्तर काही बोलले नाहीत, फक्त स्टुलावर बसून राहिले. ते बसणं मला अजून आठवतं. बाबा तेव्हा दुकानात रोज येत नसत, त्या दिवशी आले होते. बडोद्याच्या कलाभवनात, तंत्रशिक्षणाच्या जुन्या संस्थेत, शिकलेला माणूस, हातात मीटर घेतल्याशिवाय मत देत नसे. त्यांनी एक काटा बॅटरीच्या मायनसच्या खुंटावर ठेवला, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. तिथे ०.२ व्होल्ट, फार तर ०.३ दिसायला हवेत. १.८ दिसले. अर्थिंगची, म्हणजे मायनस आणि इंजिन-बॉडी जोडणारी वायर बाहेरून ठणठणीत, काळं रबर अगदी शाबूत. बाबांनी ब्लेडने ते उभं चिरलं. आत तांब्याच्या जागी हिरवी भुकटी निघाली, चिमटीत धरली तर बोटांना लागली. मी मास्तरांच्या घरी जाऊन पहिल्या बॅटरीचे पैसे परत केले. तेव्हापासून माझ्या दुकानात हे माप घेतल्याशिवाय बॅटरी विकली जात नाही. तुमच्या गाडीत ते ०.२ आलंय, म्हणजे अर्थिंग चांगलं आहे. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा बघा.

आता बॅटरी बदलण्याकडे. घरी जरूर बदला, अवघड नाही. पण आधी हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बाबांच्या उजव्या हाताच्या अनामिकेवर पांढरं गोल वळं होतं, मी लहानपणी त्याला अंगठीच समजत असे. ते भाजल्याचं वळं होतं. प्लसचा नट सोडवताना सोन्याची अंगठी आणि पाना दोन्ही एका क्षणी बॉडीला टेकले आणि अंगठी लाल झाली. निघेनाच. पाण्यात हात घालून, कापून काढली. मायनस अजून जोडलेलं होतं, म्हणून ते झालं.

त्यामुळे सोडवताना मायनस आधी, प्लस नंतर. मायनस निघालं की बॉडीशी नातं तुटतं, मग प्लसवरचा पाना चुकून कुठे लागला तरी ठिणगी पडत नाही. जोडताना बरोबर उलट : प्लस आधी, मायनस सगळ्यांत शेवटी. या गाड्यांत बऱ्याचदा त्याच सीटखाली दुसऱ्या बाजूला पेट्रोलची टाकी असते आणि चार्ज होणारी बॅटरी हायड्रोजन सोडते. तेव्हा सीट उघडून थोडा वेळ वारा लागू द्या. बिडी ओढणारा माणूस दहा पावलं लांब.

किल्ली बंद, दिवे बंद, गाडी सपाटीवर. कुठली वायर कुठे होती त्याचा फोटो काढून ठेवा. बॅटरी दाबून धरणारी पट्टी सोडवा, बॅटरी उभीच उचला, कलंडू नका. ट्रेमध्ये पांढरी-हिरवी भुकटी साचलेली असेल. अर्ध्या बादली पाण्यात मूठभर खाण्याचा सोडा घालून ओता. फेस येईल, तो थांबेपर्यंत ओतत राहा, मग साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा. सोडा बॅटरीच्या झाकणांत जाऊ देऊ नका. गंज दिसला तर घासून काळा रंग मारा. क्लॅम्प आतून तारेच्या ब्रशने चांदीसारखे करा.

नवी बॅटरी घेताना जुनीवरचा लेबलचा आकडा बघा. अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती साठतं तो आकडा, त्याहून कमी नकोत. अशा गाड्यांत छोट्या मोटारीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी मी बसवते, पण तुमच्या ट्रेची लांबी-रुंदी-उंची टेपने मोजून मगच दुकानात जा. प्लसचा खुंट डावीकडे आहे की उजवीकडे हेही लिहून न्या, नाहीतर वायर पोचत नाही आणि मग लोक ती ताणून बसवतात. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी उरली आहे, ती लावू का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. नको. ती सावकाश, तासन्‌तास द्यायला बनवलेली असते. सेल्फला एका क्षणात घाव घालणारी हवी. बॅटरीवर छापलेला तयार झाल्याचा महिना वाचा. सहा महिन्यांहून जास्त काळ दुकानात पडलेली नको. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच घ्या.

बसवण्याआधी ती पूर्ण चार्ज करा. ‘नवी आहे, गाडीतच भरेल’ हे मोटारीत खपून जातं, तुमच्या कार्टमध्ये नाही. ३५ ची बॅटरी ३.५ अँपिअरने रात्रभर, मोकळ्या हवेत. पट्टी घट्ट आवळा पण डबा चेपेल इतकी नाही, कारण सैल बॅटरी वाडीतल्या खड्ड्यांत हादरून आतल्या प्लेटा सोडते. नट आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. आधी लावून मग आवळू नका, धातूला धातू भिडला पाहिजे.

आणि अण्णांना हळू फिरू नका, असं मी सांगणार नाही. माणूस झाडं बघायलाच जातो. तुम्ही आठवड्यातून एकदा रात्री छोटा चार्जर लावत जा, तो आपोआप बंद होणारा असला तर उत्तम. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मायनस सोडून ठेवा. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर महिन्यातून एकदा पाणी बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर बुडतील इतपत आधी घाला, बाकीचं चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत. पाणी फक्त डिस्टिल्ड. आरओचं नको, त्यात क्षार राहतात.

तोवर अण्णांच्या सीटमागे पाण्याची बाटली आणि चालू फोन ठेवा. पाऊण तास उन्हात हे वाचून मला बरं वाटलं नाही.

प्रश्न : बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली तर उतरते असं सासूबाई म्हणतात. खाली पाट ठेवतो. खरं आहे का?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : त्यांच्या काळी खरं असू शकेल. जुन्या बॅटऱ्यांचे डबे लाकडाचे किंवा कडक रबराचे असत, ते ओलावा धरत आणि करंट झिरपत असे. आताचा प्लास्टिकचा डबा झिरपू देत नाही. ठेवून दिलेली बॅटरी आपोआप उतरतेच, उन्हाळ्यात जास्त लवकर, आणि डब्यावर ॲसिडमिश्रित धूळ असली तर आणखी लवकर. ओल्या फडक्याने वरचा भाग पुसा, दोन महिन्यांनी चार्ज करा. पाट राहू द्या, सासूबाईंचं मन राहील आणि फरशीवर ॲसिडचा डागही पडणार नाही.

प्रश्न : आमच्या लग्नाच्या लॉनवर विजेवरच्या सहा गोल्फ कार्ट आहेत. एका गाडीतल्या सहा बॅटऱ्यांपैकी एकच खराब निघाली. तेवढीच बदलली तर चालेल का? पैसे वाचतील.
— एक व्यवस्थापक, वाघोडिया रोड

उत्तर : बाकीच्या पाच किती जुन्या आहेत त्यावर आहे. वर्षाच्या आतल्या असल्या तर त्याच कंपनीची, त्याच मापाची एक टाका. तीन-चार वर्षं झाली असली तर नको. नवी बॅटरी जुन्यांच्या रांगेत बसली की चार्जर सगळ्यांना एकच करंट देतो, जुन्या लवकर भरतात, लवकर रिकाम्या होतात आणि नवीला त्यांच्यासारखं म्हातारं करतात. अशी रांग ४८ व्होल्टची असते, कधी ३६ ची. वर पादऱ्याच्या वाचकांना सांगितलेली कामं करणाऱ्या हातांनी तिच्याशी खेळू नये. पान्याने दोन टोकं जोडली गेली तर पाना वितळतो. मुख्य कनेक्शन आधी तोडणारा, पान्याला टेप गुंडाळणारा माणूस बोलवा.

प्रश्न : जुन्या बॅटरीचे भंगारवाला दुकानदारापेक्षा जास्त पैसे देतो. त्याला दिली तर काय बिघडतं?
— एक वाचक, मांडवी

उत्तर : बिघडतं, आणि ते आपल्या डोळ्यांसमोर होत नाही म्हणून मी जरा सविस्तर सांगते.

त्या डब्यात बहुतेक वजन शिशाचं असतं. जास्त पैसे देणाऱ्यांतले काही जण ती बॅटरी गावाबाहेर कुऱ्हाडीने फोडतात, ॲसिड नाल्यात सोडतात आणि उघड्या भट्टीत शिसं वितळवतात. त्याचा धूर आणि धूळ आसपासच्या मातीत बसते. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं आणि ते शरीरातून सहज निघत नाही. माझ्या ओळखीचा एक मुलगा अशा ठिकाणी दिवसाला मजुरी घेऊन डबे फोडायचा. तो माझ्याकडे काम मागायला आला तेव्हा त्याच्या नखांखाली करडी रेघ होती, साबणाने न निघणारी. आता तो माझ्याकडे वायरिंग शिकतो, पण हातमोजे घाल म्हणून मला अजून रोज सांगावं लागतं.

२०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून नोंदणी झालेल्या कारखान्याकडे पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. त्याआधी २००१ चे नियम होते. नवी बॅटरी घेताना जुनी परत द्या आणि बिलावर तिची वजावट लिहून घ्या. भंगारवाल्याचा भाव आणि ही वजावट यांतला फरक तुम्हाला थोडा सोसावा लागेल. तो सोसा, ही माझी विनंती आहे.

नेताना बॅटरी उभी ठेवा, झाकणं घट्ट लावा, दोन्ही खुंटांवर चिकटपट्टी लावा आणि स्कूटरवर पायांमध्ये धरून नेऊ नका. गेल्या आठवड्यात एका ताईंची साडी गुडघ्यापासून खाली चाळणीसारखी झाली. वेळेवर पाणी मिळालं म्हणून पाय वाचला.